राज्याभिषेकाचा देखावा: बत्तीस मणांचे सिंहासन की भाल्यावरचा तराजू?

येळ्ळूरकर

आमच्या गल्लीच्या मंडळाने शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी यंदा रायगडावरील राज्याभिषेकाचा सजीव देखावा ठरवला आहे. परवाच्या बैठकीत सगळी चर्चा सिंहासनाभोवतीच फिरली. दोन बाजूंना जबडा उघडलेले सिंह, पाठीमागे सूर्यकिरणांची प्रभावळ, वरपासून खालपर्यंत सोनेरी रंग आणि ट्रॉलीच्या कडेला मोठ्या अक्षरांत ‘३२ मण सुवर्णसिंहासन’ असा फलक, असे एकमताने ठरले. वर्गणीचा निम्म्याहून अधिक भाग त्या थर्माकोलच्या सिंहांवर खर्च होणार आहे. मी विरोध नोंदवला, पण बैठकीच्या गडबडीत माझे म्हणणे नीट मांडता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

राज्याभिषेकाची राजचिन्हे हा एक पूर्ण संच होता आणि सिंहासन हा त्याचा फक्त एक भाग होता. त्या संचातले सोने तेवढे आपण लक्षात ठेवले आणि बाकीचे सगळे विसरलो.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन दरबारात हजर होता आणि त्याने पाहिले ते रोजनिशीत टिपून ठेवले. त्याच्या वर्णनात सिंहासन भव्य आहे, पण त्याची नजर खिळली ती सिंहासनाच्या दोन बाजूंना उभ्या केलेल्या सोनेरी भाल्यांवर. उजव्या बाजूच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची मुंडकी होती, डाव्या बाजूला घोड्यांच्या शेपट्या होत्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू होता, दोन्ही पारडी अगदी समतोल. तो तराजू न्यायाचे चिन्ह आहे, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. महाद्वाराशी दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या लगामांचे दोन देखणे घोडे उभे होते, आणि असल्या अवघड वाटेने हे हत्ती गडावर आणले कसे, याचे त्याला राहून राहून आश्चर्य वाटले. गर्दीत महाराजांचे लक्ष वेधावे म्हणून त्याच्यासोबतच्या नारायण शेणवी या दुभाष्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. तिची चमक महाराजांनी टिपली आणि मंडळींना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलावले.

आता ३२ मणांविषयी. हा आकडा कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतून येतो. ती बखर राज्याभिषेकानंतर सुमारे वीस वर्षांनी, राजाराम महाराजांच्या आश्रयाने, जिंजीत लिहिली गेली. रायगड १६८९ च्या अखेरीस मोगलांच्या हाती गेला होता, येसूबाई आणि बाल शाहू कैदेत होते. म्हणजे सभासद जेव्हा ३२ मण लिहीत होता, तेव्हा ते सिंहासन मराठ्यांच्या ताब्यात नव्हते. हरपलेल्या वस्तूची आठवण तो दूर दक्षिणेत बसून लिहीत होता. त्यात बत्तीस हा आपल्याकडचा पूर्णत्वाचा आकडा: बत्तीस लक्षणांचा पुरुष, विक्रमाच्या सिंहासनाच्या बत्तीस पुतळ्या. मला तर त्या आकड्यात वजनापेक्षा गौरव अधिक दिसतो.

आणि मण तरी कोणता घ्यायचा? इंग्रजी अमदानीत बंगालचा मण सुमारे ३७.३ किलोंचा होता, मुंबईचा सुमारे १२.७ आणि मद्रासचा सुमारे ११.३ किलोंचा. म्हणजे ३२ मण म्हटले की बंगाली मापाने सुमारे १,१९४ किलो होतात, मुंबईच्या मापाने ४०६ आणि मद्रासच्या मापाने ३६३. एकच शब्द, आणि फरक तिपटीहून अधिक. सोने इतके जड की ते १,१९४ किलोही खाद्यतेलाच्या पंधरा किलोंच्या चार डब्यांत मावेल. फलकावर आकडा रंगवणाऱ्याने आधी हा हिशेब करावा.

माझी सूचना अशी की सिंहासन साधे, अष्टकोनी चौथऱ्यावर असावे आणि खर्च भाले, मासे, तराजू, छत्र, चामरे आणि अष्टप्रधानांच्या हातांतील कलश यांवर व्हावा. फलकावर सोन्याचे वजन लिहिण्याऐवजी तराजूचा अर्थ लिहावा.

शहापूरकर

येळ्ळूरकर, आपला अभ्यास दांडगा आहे आणि आपली कळकळ मनापासूनची आहे, हे आधी मान्य करतो. तरीही आपल्या मांडणीशी मी सहमत नाही.

पहिली गोष्ट प्रमाणाची. सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस, दरबारातला, कागदपत्रे हाताळणारा. त्याने लिहिलेला आकडा आपण गौरवाचा म्हणून बाजूला सारता आणि सवलती मागायला आलेल्या कंपनीच्या वकिलाचे टिपण मात्र अक्षरशः खरे मानता. हा न्याय कोणता? सभासद केवळ ३२ मण म्हणून थांबत नाही. कोशातली मोलाची रत्ने शोधून तख्ताला जडवल्याचेही तो सांगतो. खजिन्यातून काय बाहेर पडले हे घरच्या माणसाला कळणार की दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला? आठवण वीस वर्षांनी लिहिली म्हणून ती खोटी ठरत नाही. माझ्या आजीला तिच्या लग्नातले दागिने शेवटपर्यंत तोळ्या-माशांसकट पाठ होते, आणि ते केव्हाच मोडले गेले होते.

दुसरी गोष्ट सोन्याची. सोने म्हणजे निव्वळ थाट, असे आपण गृहीत धरले आहे. त्या काळात तख्त ही राजकीय भाषा होती. दिल्लीत मयूरसिंहासन होते, विजापुरात आदिलशहाचे तख्त होते. ज्याला तख्त नाही तो जमीनदार, वतनदार, फार तर बंडखोर. महाराजांना तोवर बाहेरचे राज्यकर्ते याच नजरेने पाहत होते. सोन्याचे सिंहासन हे त्या नजरेला दिलेले उत्तर होते. ते उत्तर आपण देखाव्यातून काढून टाकले, तर राज्याभिषेक का झाला हेच पाहणाऱ्याला कळणार नाही.

तिसरी गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूळ वस्तू गेली म्हणून नवी घडवू नये, असा नियम जगात कोठेच नाही. इंग्लंडचा राजा चार्ल्स याचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला, त्यानंतर तेथील मुकुट वितळवले, रत्ने विकून टाकली. १६६० मध्ये राजेशाही परतली, तेव्हा संच नव्याने घडवून १६६१ च्या राज्याभिषेकात वापरला. बाराव्या शतकातला अभिषेकाचा एक चमचा आणि तीन तलवारी तेवढ्या वाचल्या होत्या, बाकी जे आज जग पाहायला जाते ते बहुतेक सारे नवे घडवलेले आहे. त्याला खोटे कोणी म्हणत नाही. मग आमच्या पोरांनी थर्माकोलचे का होईना, सिंहासन उभे केले तर ते खोटे कसे?

आपण सीमाभागात राहतो. कचेरीतला कागद, बसवरची पाटी, दुकानाचा फलक, सगळीकडे आपली भाषा आक्रसत चालली आहे. वर्षातून एक रात्र रस्त्यावर सोन्याचे सिंहासन झळकते आणि लहान मूल बापाच्या खांद्यावरून ते पाहते. त्या मुलाला मणाचे कोष्टक सांगू नका.

अनगोळची वाचक

मी गेली काही वर्षे आमच्या मंडळाच्या देखाव्यांत मुलींची तयारी करून घेते, त्यामुळे मला एक व्यावहारिक अडचण दिसते. मिरवणूक रात्रभर चालते, ट्रॉली हलत असते, जनरेटरच्या दिव्यांत दुरून दिसते ते फक्त मोठे आणि चमकणारे. भाल्याच्या टोकावरचा हातभर तराजू गर्दीतून कोणाला दिसणार? पारडी समतोल ठेवायची तर ती तारेने घट्ट बांधावी लागतील, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात एक वर जाईल आणि न्यायाचे चिन्ह कलंडलेले दिसेल. विरोध म्हणून हे लिहीत नाही. माप आधी ठरवा, एवढेच सुचवायचे आहे.

निपाणीकर

शहापूरकरांच्या मताशी मी सहमत आहे, पण माझे कारण वेगळे आहे. येळ्ळूरकर ज्या चिन्हांना इतके महत्त्व देतात, ती मुळात कोणाची, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

सोन्याचा मासा भाल्यावर मिरवणे म्हणजे माहीमरातब. तो मोगली दरबाराचा मान होता. बादशहा आपल्या मोठ्या सरदाराला तो बहाल करी. घोड्याची शेपटी निशाण म्हणून वापरण्याची चाल मध्य आशियातल्या तुर्क-मंगोलांची. तराजूचेही तसेच: दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहजहानच्या महालात संगमरवरी जाळीवर न्यायाचा तराजू कोरलेला आजही पाहायला मिळतो. पुढे १७९२ मध्ये महादजी शिंद्यांनी पुण्यात पेशव्यांना वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशहाच्या सर्वोच्च प्रतिनिधीपदाची, वस्त्रे दिली, त्या समारंभातही माहीमरातब होता, आणि तो बादशहाकडूनच आलेला होता. मग स्वराज्याच्या राज्याभिषेकाच्या देखाव्यात आम्ही बादशाही चिन्हे पुढे करायची आणि वेदमंत्रांनी पवित्र झालेले सिंहासन मागे ठेवायचे, हे मला पटत नाही. गागाभट्टांनी अभिषेक करून राजाला बसवले ते सिंहासनावर. माशांना आणि शेपट्यांना त्या विधीत स्थान नाही.

आमच्या निपाणीहून कोल्हापूर तासाभराचे. तेथील दसऱ्याला छत्र, चामर, अब्दागिरी, मोर्चेल अजून निघतात, लोक ती हात जोडून पाहतात. आपल्या परंपरेत जिवंत राहिलेली राजचिन्हे ती. दाखवायचीच असतील तर ती दाखवा.

येळ्ळूरकर

अनगोळच्या ताईंची सूचना मी तशीच मंडळापुढे ठेवणार आहे. तराजू हातभर नको, पुरुषभर उंच हवा, हे मलाही आता पटले.

निपाणीकर, आपण दिलेली माहिती बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. माहीमरातब बादशहाने द्यायचा आणि सरदाराने मान लववून घ्यायचा, ही रीत. महाराजांना तो कोणी दिला? कोणीच नाही. ज्या चिन्हासाठी मोठमोठे उमराव दिल्लीकडे डोळे लावून बसत, ते चिन्ह महाराजांनी कोणाच्याही परवानगीवाचून स्वतःच्या सिंहासनाशेजारी उभे केले. दख्खनमधला कोणताही वकील, सरदार किंवा व्यापारी ते पाहताच समजला असता की हा माणूस आता मान घेणारा राहिला नाही, देणारा झाला आहे. संस्कृत मंत्र पंडितांना समजले, सोन्याचा मासा विजापूर आणि दिल्लीच्या माणसांना समजला. खुद्द सभासद महाराजांसाठी ‘मऱ्हाटा पातशहा’ असा शब्द योजतो आणि त्याच वाक्यात ‘छत्रपती’ही म्हणतो; त्याला या दोन शब्दांत विरोध वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

शहापूरकर काका, इंग्लंडचा दाखला मोलाचा आहे. पण तेथे नवा संच घडला तो नव्या राजाला अभिषेक करायचा होता म्हणून. आपल्या इतिहासात त्याहून मोठे उदाहरण आहे. संभाजी महाराज पकडले गेल्यावर राजाराम महाराजांचे मंचकारोहण, म्हणजे गादीवर बसणे, रायगडावर झाले, पण काही आठवड्यांतच त्यांना गड सोडावा लागला आणि ते वेषांतर करून आपल्याच कर्नाटकातून जिंजीला पोहोचले. सोबत सुवर्णसिंहासन नव्हते. तरी तेथून राज्य चालले, सनदा निघाल्या, संताजी-धनाजी लढले. पुढे १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांना साताऱ्यात अभिषेक झाला, तोही त्या सिंहासनावाचून. छत्रपतीपद त्या सोन्यावर अवलंबून असते, तर ते १६८९ मध्येच संपले असते. ‘छत्रपती’ ही पदवी तरी कोणत्या वस्तूवरून आली? छत्रावरून. आमच्या ठरलेल्या देखाव्यात छत्र म्हणून लग्नाच्या मंडपवाल्याची झालरीची छत्री भाड्याने आणणार आहेत.

आमच्या देवघरात एक तांब्याची शिवराई आहे. झिजून कडा वाकड्यातिकड्या झाल्या आहेत, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढे बोटाने चाचपून लागते. हे नाणे इंग्रजी अमदानीतही बराच काळ आपल्या बाजारांत चालत होते. शेतकऱ्याच्या कनवटीला राज्याभिषेकाचे जे चिन्ह पोहोचले ते हे, तांब्याचे. म्हणून सोन्याच्या वजनाचा फलक मला खटकतो.

खानापूरकर

मी शाळेत इतिहास शिकवते. दोन मुद्दे मांडते.

आपल्याच राज्यात म्हैसूरचे सुवर्णसिंहासन आहे. दरवर्षी दसऱ्याला त्याचे सुटे भाग खजिन्यातून काढून जोडतात, पूजा करतात आणि नंतर पुन्हा उतरवून ठेवतात. ते आत लाकडाचे आहे आणि वर सोन्याचे मढवण आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूचे सिंहासन इंग्रजांनी तुकडे करून वाटून घेतले, त्याचे व्याघ्रमुख आणि हुमा पक्षी आज विंडसरला आहेत. आणि त्याच वर्षी ३० जूनला बाल कृष्णराज वडेयरांना म्हैसूरला गादीवर बसवले. माझ्या वर्गातल्या कन्नड घरांतल्या मुलांनी ते सिंहासन सहलीत पाहिले आहे आणि ती फार जिव्हाळ्याने सांगतात. रायगडाच्या सिंहासनाविषयी विचारले की मराठी मुले एकच उत्तर देतात: बत्तीस मण. त्यापुढे त्यांना काही ठाऊक नसते. शहापूरकर काका म्हणतात त्या बापाच्या खांद्यावरच्या मुलाला कोष्टक सांगू नये हे मान्य, पण त्याला आकड्याखेरीज काहीतरी पाहायला मिळायला हवे.

दुसरा मुद्दा कलशांचा, त्यावर कोणी बोलले नाही. पुढच्या काळातील बखरींत अष्टप्रधान सिंहासनाच्या आठ दिशांना उभे असल्याचे वर्णन येते. मुख्य दिशांच्या प्रधानांकडे तूप, दूध, दही आणि मध यांनी भरलेले सोन्याचे, रुप्याचे, तांब्याचे कलश. मधल्या दिशांच्या प्रधानांकडे छत्र, पंखा आणि चामरे. शिवाय मातीच्या कुंभांत समुद्राचे आणि नद्यांचे पाणी. हिऱ्या-माणकांच्या त्या दरबारात अभिषेकाचे पाणी मातीच्या भांड्यातून आले, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुले गप्प होऊन ऐकतात. खानापूरची माती आणि येथली कुंभारकी सर्वांना ठाऊक आहे. ते कुंभ येथूनच करून घ्या आणि पाणी मलप्रभेचे भरा.

निपाणीकर

येळ्ळूरकर, मान घेणारा आणि मान देणारा, हा फरक मी असा कधी पाहिला नव्हता. त्यावर विचार करीन. पण एक आग्रह सोडत नाही. मासे दाखवणार असाल तर शेजारी दोन ओळींचा खुलासा हवाच, नाहीतर पाहणारा त्याला मत्स्यावतार समजून नमस्कार करून पुढे जाईल. आणि देखाव्याची तारीख ६ जूनची धरली तरी निवेदनात २४ सप्टेंबर १६७४ च्या दुसऱ्या, तांत्रिक अभिषेकाचाही उल्लेख असावा. निश्चलपुरी गोसाव्यांनी तो केला आणि महाराजांनी तोही करवून घेतला. पहिल्या अभिषेकानंतर बाराच दिवसांत जिजाऊ गेल्या होत्या, त्या घरावर तेव्हा काय सावट असेल याची कल्पना करावी.

शहापूरकर

खानापूरच्या बाई, मातीच्या कुंभांची कल्पना मला मनापासून आवडली. छत्राबाबतही येळ्ळूरकरांचे खरे आहे, मंडपवाल्याची छत्री शोभणार नाही. आमच्या शेजारी जरीचे काम करणारे एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांना मी स्वतः विचारतो.

सिंहांबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. सिंहासन या शब्दातच सिंह आहे, तो चौथऱ्यावरून काढता येणार नाही. फलकाविषयी एवढे मान्य करतो की ‘३२ मण’ लिहायचे असेल तर ‘सभासद बखरीनुसार’ हे शब्द तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावेत. आकडा मात्र राहावा, असे माझे ठाम मत आहे.

येळ्ळूरकर

सिंह राहू द्या, काका. दोन्ही थोडे लहान करून उरलेल्या पैशांत तराजू बसतो का, ते रविवारच्या बैठकीत सुताराला विचारतो. भाला साडेसात फुटांचा धरला आहे. त्याहून उंच केला तर बाजारातल्या विजेच्या तारांना लागेल. फलकावर मात्र मी आकड्याच्या विरोधातच मत देणार आहे.

अनगोळची वाचक

पारड्यांना मधोमध आडवी लोखंडी सळई लावा आणि वरून सोनेरी कागद गुंडाळा. मग खड्डा आला तरी पारडी हलणार नाहीत.